भाडेकरू गेला, पाटी राहिली

‘अनइन्स्टॉल’ हा कम्प्युटरच्या दुनियेतला सगळ्यात खोटारडा शब्द आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. एखादा गेम काढला आणि त्याचे चार फोल्डर मागे राहिले, तर ते एकवेळ चालतं. पण एका मशीनवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम टाकल्या आणि त्यातली एक काढली, की जे मागे राहतं ते थेट दारातच आडवं पडलेलं असतं. या वीकान्ताला त्याबद्दल जरा सविस्तर लिहितोय. (घाबरू नका, मधे थोडी तांत्रिक बडबड आहे, पण मुद्दा अगदी साधा आहे.)

नेहमीचा प्रकार असा. लॅपटॉपवर विंडोज होतंच, शेजारी हौसेने उबुंटू टाकलं. सहा महिन्यांनी लक्षात येतं की आपण तिकडे फिरकतच नाही आणि इकडे जागा कमी पडतेय. मग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जायचं, उबुंटूचं पार्टिशन निवडायचं, डिलीट! ६० जीबी परत मिळाले, छान. रीस्टार्ट केलं... आणि काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ एवढीच अक्षरं आणि पुढे लुकलुकणारा कर्सर. विंडोज कुठे गेलं? कुठेही नाही. जागच्या जागी, एका बाइटलाही धक्का न लागता बसलेलं आहे. फक्त मशीन तिकडे जात नाहीये, कारण ‘चालू झाल्यावर कुठे जायचं’ या यादीत पहिलं नाव अजून उबुंटूचंच आहे.

याचाच सौम्य अवतार म्हणजे दोन विंडोज. नव्या पार्टिशनवर विंडोज ११ टाकलं, जुनं विंडोज १० उडवलं, तरी दर वेळी निळ्या पडद्यावर दोन नावं येतात आणि ‘कोणतं हवं?’ असं विचारत ३० सेकंद मोजत बसतात. एक नाव जिवंत, एक मेलेलं. चुकून मेलेल्यावर बोट पडलं की एरर.

गावाकडे जमीन असलेल्यांना ही भानगड पटकन कळेल. जमीन विकली, खरेदीखत झालं, पैसे हातात आले, तरी फेरफार नोंद होईपर्यंत सातबाऱ्यावर जुनंच नाव झळकत राहतं. जमीन वेगळी, जमिनीचा कागद वेगळा. पार्टिशन ही जमीन आणि बूट मेन्यूतली ओळ हा सातबारा. जमीन रिकामी केली म्हणून कागद आपोआप बदलत नाही.

आजच्या मशीनमध्ये, म्हणजे यूईएफआय असलेल्या मशीनमध्ये, दुसरी सिस्टिम तीन ठिकाणी पाय पसरते. पहिली जागा तिचं स्वतःचं पार्टिशन. दुसरी जागा ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’ नावाचा काही शे एमबींचा छोटासा कोपरा, जिथे प्रत्येक सिस्टिमचा एक फोल्डर असतो आणि त्यात तिला सुरू करणारी फाइल असते. तिसरी जागा मदरबोर्डवरची चिमूटभर मेमरी, जी वीज गेली तरी पुसली जात नाही. तिथे नावांची यादी आणि त्यांचा क्रम लिहिलेला असतो. आपण पार्टिशन डिलीट करतो तेव्हा फक्त पहिली जागा साफ होते. उरलेल्या दोन जागांना काही पत्ताच नसतो.

आता गंमत बघा. मशीन चालू झालं की फर्मवेअर यादीतल्या पहिल्या नावाकडे जातं. ती फाइल सापडलीच नाही, तर ते मुकाट्याने पुढच्या नावाकडे वळतं, म्हणजे विंडोज सुरू होतं. पण इथे फाइल सापडते! ती सुरूही होते. फर्मवेअरच्या दृष्टीने काम फत्ते. मग ती फाइल आपला मेन्यू शोधायला जाते, आणि मेन्यू होता डिलीट झालेल्या पार्टिशनवर. त्यामुळे ती बिचारी कर्सर लुकलुकवत उभी राहते. थोडक्यात, काहीच साफ केलं नसतं तर विंडोज चाललं असतं, सगळं साफ केलं असतं तरी चाललं असतं. घात करते ती अर्धवट साफसफाई. आणि डिस्क मॅनेजमेंटमधून सरळ मार्गाने जाणाऱ्या माणसाच्या हातून अर्धवट साफसफाईच होते.

हे दुखणं आजचं नाही. जुन्या बायोसच्या काळात हार्ड डिस्कचा अगदी पहिला ५१२ बाइटचा तुकडा महत्त्वाचा असे. त्यातले ६४ बाइट चार पार्टिशनच्या तक्त्याचे, २ बाइट सहीचे, आणि सिस्टिम सुरू करणाऱ्या कोडसाठी उरायचे फक्त ४४६ बाइट. तिथे एकालाच बसायला जागा. जो शेवटी आला त्याने आधीच्याला उठवलं, असा सरळ मामला. लिनक्स काढलं की विंडोजची सीडी घालून तो तुकडा पुन्हा लिहावा लागे. विंडोज एक्सपीत बूट मेन्यूची यादी ‘बूट डॉट आयएनआय’ या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असायची. नोटपॅडमध्ये उघडा, मेलेली ओळ खोडा, सेव्ह करा, झालं. २००७ साली व्हिस्टा सगळ्यांसाठी बाजारात आलं आणि त्या फाइलच्या जागी ‘बीसीडी’ नावाचा बंद डबा आला. तो उघडायला वेगळी आज्ञा शिकावी लागते. मग २०१२ साली विंडोज ८ बरोबर यूईएफआय घरोघरी पोचलं. त्याने बसण्याच्या जागेचं भांडण सोडवलं, प्रत्येकाला आपापला कोनाडा दिला. पण कोनाडा झाडायचा कोणी, हे मात्र कोणी कोणाला सांगितलं नाही.

म्हणजे दोष कोणाचा? विंडोज म्हणतं, ती फाइल मी ठेवलेली नाही, दुसऱ्याच्या सामानाला मी कशाला हात लावू? लिनक्स म्हणतं, मला तर तुम्ही संपवलंत, आता मी उठून काय आवरू? फर्मवेअर बनवणारे म्हणतात, आम्ही फक्त यादी सांभाळतो. तिघांचंही म्हणणं बरोबर आहे आणि नेमकी तीच अडचण आहे. सोसायटीच्या जिन्यासारखं झालंय. प्रत्येकाचा फ्लॅट आरशासारखा लख्ख आणि जिन्यात तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या भाडेकरूच्या चपला.

‘हे तांत्रिकदृष्ट्या अवघड असेल हो’ असं कोणी म्हणालं तर ते मला मान्य नाही, कारण हे करून दाखवलेलं आहे. एकदा नाही, दोनदा. २००८ साली उबुंटू ८.०४ बरोबर ‘वूबी’ नावाचा इन्स्टॉलर आला. तो नवीन पार्टिशन करायचाच नाही. विंडोजच्या ड्राइव्हवर एक भलीमोठी फाइल बनवून त्यात उबुंटू टाकायचा आणि विंडोजच्या बूट मेन्यूत एक ओळ घालायचा. नको झालं की कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन इतर कुठल्याही सॉफ्टवेअरसारखं अनइन्स्टॉल करायचं. फाइल गेली, ओळही गेली. विंडोज ८ आणि यूईएफआयच्या जमान्यात वूबी टिकलं नाही, २०१३ च्या १३.०४ आवृत्तीपासून ते बंद झालं. दुसरं उदाहरण ॲपलचं. इंटेल प्रोसेसरवाल्या मॅकवर ‘बूट कॅम्प असिस्टंट’ विंडोज टाकून द्यायचा आणि त्याच खिडकीत विंडोज काढून डिस्क पुन्हा एकसंध करायची सोयही होती. म्हणजे वूबीत पाहुणा स्वतःचं अंथरूण आवरून जायचा आणि बूट कॅम्पमध्ये यजमान आवरायचा. दोन्ही पद्धती चालतात. विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी टाकताना मात्र दोघंही हात झटकतात.

‘एक ओळच तर आहे, एवढं काय?’ असं वाटत असेल तर हा किस्सा ऐका. माझ्या टीममधल्या एका मैत्रिणीने तिचा जुना लॅपटॉप सोलापूरला धाकट्या भावाला दिला. तो डिप्लोमाला. तिने कधीकाळी त्यावर लिनक्स टाकलेलं होतं, भावाला त्याचा उपयोग नव्हता. त्याने वर सांगितलं तसंच केलं, पार्टिशन डिलीट, रीस्टार्ट, काळा पडदा. ताई तेव्हा रिलीजच्या गडबडीत, रात्री उशिरापर्यंत ऑफिसात. दुसऱ्या दिवशी पोराचं सबमिशन. तो लॅपटॉप घेऊन जवळच्या रिपेअरच्या दुकानात गेला. दुकानदाराने पडदा बघितला, ‘विंडोज उडालंय’ असं निदान केलं आणि सगळी डिस्क फॉरमॅट करून नवीन विंडोज टाकून दिलं. प्रोजेक्ट त्याने मेलवर टाकलेला होता, तो वाचला. ताईच्या लग्नाचे फोटो त्याच डिस्कवर होते आणि दुसरीकडे कुठेही नव्हते.

त्या मशीनवर बिघडलेलं काय होतं? यादीतला क्रम. चालू करताना एफ-१२ दाबून (काही कंपन्यांत एफ-९ किंवा एस्केप) ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडलं असतं तर अर्ध्या मिनिटात सगळं दिसलं असतं, फोटोंसकट. मी ना त्या मुलाला दोष देत, ना दुकानदाराला. पडद्यावर ‘विंडोज सुखरूप आहे, अमुक बटण दाबा’ असं एक वाक्य असतं तर दोघांनीही ते वाचलं असतं.

आता यावर आमच्या लिनक्सवाल्या दोस्तांचं ठरलेलं उत्तर असतं. ‘ज्याला हे कळत नाही त्याने दोन सिस्टिम टाकूच नयेत.’ मला हे उत्तर मुळीच पटत नाही. टाकताना तुम्ही काय सांगत होतात? ‘अरे काही नाही, नेक्स्ट नेक्स्ट करत जा, विंडोजच्या शेजारी टाक, एक स्लायडर ओढ, झालं.’ टाकणं पोरखेळ आणि काढणं मात्र तज्ज्ञांचं काम, हा कुठला न्याय? ज्या रस्त्याने आत जाता येतं, त्याच रस्त्याने बाहेरही पडता आलं पाहिजे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ‘आपोआप साफसफाई करणारं हत्यार दिलं आणि त्याने चुकीचं पुसलं तर?’ बरोबर आहे, ही जागा नाजूक आहे. २०१६ साली लिनक्सवर सगळ्या फाइली पुसण्याच्या आज्ञेने मदरबोर्डवरच्या या नोंदीही पुसल्या गेल्या आणि काही लॅपटॉप चालूच होईनात, अशी प्रकरणं उघड झाली. त्यानंतर कर्नलमध्ये या नोंदी सहजासहजी पुसता येऊ नयेत अशी तजवीज झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर शेजारचं लिनक्स सुरू होत नाही, अशी तक्रार दोन सिस्टिम असलेल्या अनेकांनी केली. पण माझ्या मते यातून उलटाच निष्कर्ष निघतो. जागा इतकी नाजूक आहे, म्हणूनच ती आवरायचं काम रात्री अकरा वाजता कमांड प्रॉम्प्टमध्ये आज्ञा डकवणाऱ्या माणसावर सोडू नये. जो इन्स्टॉलर तिथे काय लिहिलं हे पक्कं जाणतो, त्यानेच ते पुसावं.

आणि हे आत्ताच का लिहितोय? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि ठरावीक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो. घरोघरी असे लॅपटॉप आहेत जे धडधाकट आहेत, पण विंडोज ११ च्या नियमात बसत नाहीत. आई-बाबांचा, भाच्याचा, क्लासवाल्या काकांचा. त्यांच्यासाठी लिनक्स हा खरोखर चांगला पर्याय आहे. पण माणूस नवीन गाव बघायला जातो तेव्हा परतीची गाडी आहे ना, हे आधी बघतो. ‘नाही आवडलं तर पूर्वीसारखं होईल का?’ हा प्रश्न मला प्रत्येकाने विचारलाय. त्याला छातीठोकपणे ‘हो, एक बटण आहे’ असं म्हणता येत नाही तोवर ते टाकणार नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चूक नाही. काढायची सोय केली तर लोक लिनक्स काढतील अशी भीती असेल, तर ती निराधार आहे. काढायची सोय नाही म्हणून लोक टाकतच नाहीत, ही खरी परिस्थिती आहे.

म्हणून माझं मागणं एवढंच. लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये ‘शेजारी टाका’ या बटणाच्या बाजूला ‘काढून टाका’ हे बटण हवं. त्याच पेनड्राइव्हवरून चालू करावं, त्याने पार्टिशन, फोल्डर आणि यादीतलं नाव तिन्ही नीट दाखवावं, विचारावं आणि पुसावं. हे काम करणारी बाहेरची छोटी हत्यारं आहेत, पण ती शोधायची कोणी? विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटने लिनक्सचं पार्टिशन डिलीट करताना एवढं तरी सांगावं की ‘बाबा रे, या मशीनच्या यादीत पहिलं नाव दुसऱ्याचं आहे.’ आणि सगळ्याच फर्मवेअरनी यादीतलं नाव खोडायची सोय ठळकपणे द्यावी. काहींत ती असते, काहींत तीन मेन्यू आत दडलेली असते, काहींत नसतेच.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोपर्यंत एक गोष्ट लक्षात ठेवा, क्रम महत्त्वाचा. आधी कागद, मग जमीन.

सगळ्यात आधी बॅकअप. आणि बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा, कारण बूटच्या गोष्टींत फेरफार केला की विंडोज ती मागू शकतं. मग फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन विंडोज बूट मॅनेजर पहिल्या नंबरवर आणा, दोनदा रीस्टार्ट करून विंडोज सरळ सुरू होतंय याची खात्री करा. एवढं केलं की काळ्या पडद्याचा धोका जवळजवळ संपला. लिनक्स अजून जिवंत असेल तर तिथूनच ‘ईएफआयबूटएमजीआर’ ही आज्ञा देऊन यादी बघा आणि लिनक्सचं नाव काढा. नसेल तर विंडोजमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘बीसीडीएडिट’ला फर्मवेअरची यादी दाखवायला सांगा आणि ज्या नोंदीच्या वर्णनात उबुंटू लिहिलंय, फक्त तिचाच महिरपी कंसातला लांबलचक क्रमांक देऊन ती डिलीट करा. नंतर ‘माउंटव्हॉल’ने ईएफआय पार्टिशनला एखादं मोकळं ड्राइव्ह अक्षर देऊन त्यातला उबुंटूचा फोल्डर काढा. तो राहिला तर काही फर्मवेअर त्याला शोधून नाव पुन्हा यादीत घालतात, आणि तुम्हाला भुताटकी झाल्यासारखं वाटतं :-) तिथल्या ‘मायक्रोसॉफ्ट’ आणि ‘बूट’ या फोल्डरना मात्र बोटही लावू नका. सगळ्यात शेवटी लिनक्सचं पार्टिशन, तेही आकार नीट ताडून. ईएफआय आणि रिकव्हरी ही दोन पार्टिशन तशीच राहू द्या.

दोन विंडोजचा मामला असेल तर फारच सोपं. रनमध्ये ‘एमएसकॉन्फिग’ टाइप करा, ‘बूट’ टॅबमध्ये जा, जी ओळ ‘करंट ओएस’ नाही ती निवडा, डिलीट. संपलं.

आणि एक विनंती, खास आपल्यासारख्यांना. आपण हौसेने मित्रांच्या, चुलतभावांच्या, शेजारच्या काकूंच्या मशीनवर लिनक्स टाकून देतो आणि त्यांचं कौतुक झेलत चहा पिऊन येतो. पुढच्या वेळी चहा येईपर्यंत एका कागदावर चार ओळी लिहून द्या. नको असेल तर कसं काढायचं, काळा पडदा आला तर कोणतं बटण दाबायचं, आणि ‘फॉरमॅट करू नका, आधी मला फोन करा’. कागद लॅपटॉपच्या खालच्या बाजूला चिकटवून टाका. कंपन्या बटण देतील न देतील, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो त्या कागदामुळे वाचतील.